वडीलधाऱ्यांचा हिशेब त्यांच्या हयातीतच मांडावा

दुकानदार वर्षातून एकदा तरी मालाची मोजदाद करतो. ठाण किती शिल्लक आहेत, गिऱ्हाइकांकडे किती अडकले आहे, व्यापाऱ्याला किती द्यायचे आहे, हे त्याला मार्चअखेर नेमके ठाऊक असते. पण हाच दुकानदार सत्तरीला पोहोचला तरी त्याच्या घरची मोजदाद मात्र एकदाही झालेली नसते. कपाटाच्या किल्ल्या त्याच्या उशाखाली, बँकेची पुस्तके कुठल्या तरी पिशवीत आणि देण्याघेण्याचा सारा हिशेब डोक्यात. डोके शाबूत आहे तोवर हे चालते. एखाद्या दिवशी अर्धांगाचा झटका येतो, किंवा विसरभोळेपणा वाढत जातो, आणि मग मुले दुकानाच्या गल्ल्यात, ट्रंकेत, जुन्या डायऱ्यांत कागद शोधत बसतात. आपल्या व्यापारी आणि कारागीर घरांत असे का होते आणि ते कसे टाळता येईल, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

आपल्या घरांत ही गोष्ट अधिक निकडीची आहे, त्याचे एक कारण शरीयतच्या नियमांतच आहे. माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेतून आधी कफन-दफनाचा खर्च, मग त्याचे कर्ज, त्यानंतर एकतृतीयांशाच्या मर्यादेत वसियत, आणि जे उरेल ते वारसांना, असा क्रम आहे. म्हणजे कर्ज फिटल्याखेरीज वारसांचा हक्क सुरूच होत नाही. आता कर्ज किती आणि कुणाचे हेच मुलांना माहीत नसेल, तर ते वाटून घेतात त्यात दुसऱ्याचा पैसा किती हे कोण सांगणार? उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी सूरह बकरहमध्ये इतका सविस्तर आदेश आहे की ती आयत कुरआनमधील सर्वांत मोठी आयत आहे. नमाज-रोज्यात कसूर न करणारे आपले कित्येक बुजुर्ग व्यापारी या आदेशाबाबत मात्र ढिलाई करतात. ‘जबान हीच आमची वही’ असे ते अभिमानाने सांगतात.

विषय कसा काढावा

सर्वांत अवघड काम हेच. ‘अब्बा, तुमचे सगळे कागद दाखवा’ असे मुलाने एकदम म्हटले, की वडिलांच्या मनात पहिला विचार येतो तो आपल्याला बाजूला सारण्याचा. घरात दोन सुना असतील तर दुसरा विचार कुणाच्या सांगण्यावरून हे चालले आहे याचा. म्हणून मुलाने आधी स्वतःची वही करावी. आपली खाती, आपले देणे, आपल्या विम्याचे कागद तिच्यात लिहून ती वडिलांपुढे ठेवावी आणि यात काय राहिले ते विचारावे. व्यापारात आयुष्य घालवलेला माणूस दुसऱ्याच्या वहीत चूक काढल्याशिवाय राहत नाही. मग त्यांच्या वहीचा विषय निघायला वेळ लागत नाही.

आणखी एक स्वाभाविक संधी दरवर्षी येते. रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना रोकड, सोने-चांदी, विक्रीचा माल आणि येणे रक्कम हे सारे मोजावेच लागते. तो कागद एरवी ईदनंतर फेकला जातो. तोच जपून ठेवला तर आपल्या वहीचे निम्मे काम झाले. फक्त जकातीत न धरलेल्या गोष्टी, म्हणजे राहते घर, माग, शिलाई मशीन, लेथ, कारागिराची हत्यारे, त्यात वाढवाव्या लागतील.

एकाच दिवशी सगळे उरकायचा हट्ट धरू नये. असरनंतर अर्धा तास, तोही आठवड्यातून दोनदा, पुरेसा आहे. बहिणीला बोलवावे, ती लांब दिली असेल तर फोनवर घ्यावे. जे बंद खोलीत एकाच मुलाने लिहून घेतले, त्यावर पुढे बाकीच्यांचा विश्वास बसत नाही. अम्मीचा हिशेब मात्र मुलीने किंवा अम्मीच्या विश्वासातल्या सुनेने लिहावा. भिशीचे पैसे, कुणाकुणाला दिलेले हातउसने, डब्यातली बचत या गोष्टी त्या मुलापुढे सहसा उघड करत नाहीत.

एक अडचण लिपीची. कित्येक बुजुर्गांच्या डायऱ्या उर्दूत असतात, काही जुन्या पेढ्यांच्या वह्या गुजरातीत. मराठी किंवा इंग्रजी शाळेत शिकलेल्या नातवाला त्यातले अक्षरही लागत नाही. वडिलांनी वाचून दाखवावे आणि नातवाने देवनागरीत उतरवून घ्यावे. मूळ डायरी मात्र टाकू नये. हस्ताक्षराचा पुरावा तीच आहे.

आधी येणे, मग देणे

सुरुवात येण्यापासून करावी. कुणाकडून किती यायचे आहे हे सांगायला प्रत्येक व्यापाऱ्याला आवडते. येथे कायद्याची एक बाब लक्षात ठेवावी. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे उधारीच्या पैशासाठी दावा लावण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची आहे. ती संपण्याआधी ऋणकोने बाकी मान्य असल्याचे लिहून सही केली, तर तेथून पुन्हा तीन वर्षे मोजली जातात. त्यामुळे वडील हयात आहेत, गिऱ्हाईक त्यांना मान देते आहे, तोवरच खाते उताऱ्यावर तारीख घालून त्याची सही घेणे सोपे. वडिलांच्या मागे हाच माणूस ‘मी तर त्यांना रोख दिले होते’ असे म्हणाला तर मुलाजवळ काही उत्तर नसते.

देण्याची बाजू काढायला अधिक वेळ लागतो, कारण तिथे संकोच असतो. सुताच्या व्यापाऱ्याचे देणे, अडत्याचे देणे, भावाकडून घेतलेली रक्कम, कामगाराचा थकलेला बोनस आणि कुणाला जामीन राहिले असतील तर ती जामीनकीसुद्धा. यात एक देणे हमखास विसरले जाते, ते म्हणजे पत्नीचा मेहर. निकाहनाम्यात लिहिलेला मेहर दिला गेला नसेल तर ते कर्ज आहे आणि वारसांच्या वाटणीआधी ते फेडायचे आहे. ‘तिने माफ केला’ असे मयतापाशी म्हणवून घेण्याची जी रीत काही ठिकाणी दिसते, ती आम्हाला शोभनीय वाटत नाही. दोघेही खुशीत असताना मेहर द्यावा, किंवा बाकी आहे असे निदान वहीत लिहावे. राहिलेली जकात असेल तर तीही लिहावी. बचत खात्यावरचे व्याज वेगळे काढून गरिबांना देण्याची ज्यांची पद्धत आहे, त्यांनी ती रक्कम कुठे ठेवली आहे हेही सांगून ठेवावे, नाही तर ती घरखर्चात मिसळून जाते.

दुकान नेमके कुणाचे?

सगळ्या विषयात हा प्रश्न आम्हाला सर्वांत नाजूक वाटतो आणि भांडणेही येथूनच सुरू होतात.

समजा, एका यंत्रमागधारकाचे आठ माग आहेत. थोरला मुलगा दहावीनंतर कारखान्यात बसला आणि वीस वर्षे तो राबला. त्याला पगार नव्हता, हिस्सा ठरला नव्हता, खर्चाला लागेल ते तो गल्ल्यातून घेत आला. धाकटा शिकून नोकरीला लागला. आठांपैकी चार माग थोरल्याच्या मेहनतीतून वाढले. वडील गेल्यावर थोरला म्हणतो की चार माग माझे, धाकटा म्हणतो की सगळे अब्बांचे, आणि दोघे मिळून बहिणीला म्हणतात की कारखान्यात तुझे काय?

आपल्या वैयक्तिक कायद्यात हिंदू कायद्यासारखे एकत्र कुटुंब नाही. जन्माने मुलाला बापाच्या मालमत्तेत हिस्सा मिळत नाही आणि बापाच्या धंद्यात नुसते राबल्याने मुलगा भागीदारही होत नाही. जे बापाच्या नावे, ते सारे त्याच्या मागे सर्व वारसांचे. पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी हेच वारस असतील तर मालमत्तेचे चाळीस भाग मानावेत. पत्नीला पाच, प्रत्येक मुलाला चौदा आणि मुलीला सात. वीस वर्षे राबलेल्या थोरल्याला चौदाच आणि नोकरदार धाकट्यालाही चौदाच. थोरल्याला हा अन्याय वाटतो. पण त्यात दोष वारसाहक्काच्या नियमाचा नाही. वीस वर्षांत बापलेकांनी आपले नाते धंद्याच्या भाषेत एकदाही ठरवले नाही, ही खरी गोष्ट आहे.

ठरवायचे तर मार्ग तीन. मुलाला पगारावर ठेवून तो दरमहा खरोखर द्यावा. किंवा भागीदारी करून भागीदारीपत्र करावे. तसे करताना भागीदाराच्या मृत्यूनंतर पेढी चालू राहील असे कलम घालावे. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे वेगळा करार नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते, आणि भागीदार दोनच असतील तर कलम घालूनही ती टिकत नाही. तिसरा मार्ग हिब्याचा, म्हणजे चार माग हयातीतच मुलाला देऊन टाकण्याचा. मात्र इतर मुलांना डावलून एकालाच देणे शरीयतला पसंत नाही. मेहनतीचा मोबदला म्हणून देत असतील तर तसे स्पष्ट लिहावे आणि बाकीच्या मुलांसमक्ष द्यावे.

कोकणात हाच प्रश्न दुसऱ्या रूपात येतो. मुलगा आखातात, पैसे पाठवले त्याने, जमीन वडिलांच्या नावे आणि बंगला त्याच जमिनीवर. रत्नागिरी-रायगडच्या गावांत अशी घरे मोजू गेल्यास कमी भरायची नाहीत. कागदावर ते घर वडिलांचे, म्हणजे पुढे सर्व वारसांचे. मुलाने दिले ते कर्ज होते, भेट होती की त्याचे स्वतःचे घर होते, हे वडिलांनी आपल्या तोंडाने सांगून लिहून दिले पाहिजे, आणि त्या लिखाणावर इतर भावंडांच्या सह्या असाव्यात.

एकाच मालकाच्या धंद्यात जीएसटीचा नंबर मालकाच्या पॅनशी बांधलेला असतो. मालकाच्या मृत्यूनंतर धंदा चालवणाऱ्याने स्वतःच्या नावे नवा नंबर घ्यायचा असतो. आधीच्या नंबरावर शिल्लक राहिलेले क्रेडिट आयटीसी-०२ या फॉर्मने नव्या नंबरावर नेता येते. त्यासाठी पोर्टलचा पासवर्ड आणि कर सल्लागाराचा फोन घरात कुणाला तरी माहीत असावा.

जुन्या बाजारपेठांतली बरीच दुकाने पगडीची आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्या बरोबर त्या जागेत धंदा करणारा कुटुंबातील माणूस भाडेकरू मानला जातो. असा कुणी नसेल तर वारसांपैकी एखादा, आणि एकमत नसेल तर न्यायालय ठरवते. तेव्हा भाड्याच्या पावत्या सलग वर्षांच्या लावून ठेवाव्यात आणि मुलगा दुकानात बसतो याचा काहीतरी कागदोपत्री पुरावा तयार असावा.

कागद आणि नावे

घरच्या कागदांत सर्वांत मोठी डोकेदुखी नावांची असते. आधार कार्डावर शेख, पासबुकात शैख, सातबाऱ्यावर नुसते ‘महंमद वल्द अब्दुल’ आणि रेशनकार्डावर पाळण्यातले नाव. अम्मीचे तर माहेरचे एक, सासरचे दुसरे, कुठे बी, कुठे बानो, कुठे बेगम. माणूस हयात असताना हे सगळे मीच, असे प्रतिज्ञापत्र तो स्वतः करून देऊ शकतो आणि गरज पडल्यास शासनाच्या राजपत्रात नावाची जाहिरात देऊ शकतो. तो गेल्यावर हेच सिद्ध करायला वारसांना कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक कागदावरचे नाव जसे आहे तसे, अक्षर न बदलता, उतरवावे. फरक तिथल्या तिथे दिसतो.

त्यानंतर जागेचे कागद. खरेदीखत, सूची क्रमांक दोन, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, घरपट्टीची पावती, वीजबिल. खरेदीखत हरवले असेल पण नोंदवलेले असेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल मिळते. तिचा अर्ज आताच करावा. सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असेल तर ते काम सर्वांत आधी हाती घ्यावे. जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वर्दी द्यायची असते. आपल्याकडे दोन-दोन पिढ्या ती दिली जात नाही आणि वारसांची संख्या चारावरून चाळीसवर जाते. फेरफार नोंदीत बहिणींची नावे गाळली तरी त्यांचा हक्क बुडत नाही, कारण ती नोंद महसुलासाठी असते, मालकी तिने ठरत नाही. वडील हयात असताना मुलीकडून लिहून घेतलेले ‘मला काही नको’ हेही आपल्या कायद्यात निरर्थक आहे. जो हक्क अजून उत्पन्नच झाला नाही तो सोडणार कसा?

कागद ठेवावेत कुठे? २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडच्या पुरात तळमजल्यावरच्या दुकानांतल्या वह्या आणि दस्त लगद्यासारखे झाले. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, उंचावर, आणि झेरॉक्सचा एक संच गावातल्याच दुसऱ्या घरी, शक्यतो मुलीकडे. जुने दस्त लॅमिनेट करू नयेत, कारण तपासणाऱ्याला कागद, शिक्के आणि मागची बाजू पाहावी लागते. गुळगुळीत कागदावरच्या छापील पावत्या वर्षा-दोन वर्षांत पुसट होतात, त्यांची झेरॉक्स लगेच काढावी.

बँक, नॉमिनी आणि विसरलेली खाती

नॉमिनी म्हणजे मालक, हा गैरसमज फार पसरला आहे. नॉमिनीच्या हाती बँक पैसे देते, पण ते त्याने वारसांसाठी सांभाळायचे असतात. सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीतही डिसेंबर २०२३ मध्ये असाच निकाल दिला. विम्यात पती-पत्नी, मुले किंवा आई-वडील नॉमिनी असल्यास २०१५ च्या दुरुस्तीने वेगळी तरतूद आहे, तेवढी बाब जाणकाराला विचारावी. तरीही नॉमिनी नेमलेला बरा, कारण तो नसेल तर मोठ्या रकमेसाठी दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र आणण्याची वेळ येते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाचा हिस्सा लिहिता येतो. मुले-मुली सर्वांची नावे घालण्याची सोय आता झाली आहे.

हात थरथरू लागला की सही जुळत नाही आणि चेक परत येतो. तसे होण्याआधीच नव्या सहीचा नमुना बँकेत द्यावा, किंवा खाते पत्नीबरोबर असे करावे की दोघांपैकी कुणीही, आणि एकाच्या मागे दुसरा, ते चालवू शकेल. मुखत्यारपत्रावर विसंबून राहणारे पुष्कळ आहेत. मुखत्यारपत्र देणारा वारला किंवा त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली की ते संपते, म्हणजे खरी गरज पडते तेव्हाच ते उपयोगाचे राहत नाही.

दहा वर्षे व्यवहार नसलेल्या खात्यातील रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीकडे पाठवतात. ती बुडत नाही, खातेदार किंवा वारस केव्हाही मागू शकतात. अशी खाती शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ हे पोर्टल ऑगस्ट २०२३ पासून चालू आहे आणि देशातील प्रमुख बँका त्यावर आहेत. पतसंस्थांची माहिती तिथे मिळायची नाही. तिथले पासबुक घेऊन प्रत्यक्ष जावे लागेल.

ट्रंकेतल्या वस्तू

वस्तूंची यादी करताना आधी परक्या वस्तू बाजूला काढाव्यात. शेजारणीने ठेवायला दिलेले दागिने, कुणाच्या जागेचे कागद, मशिदीच्या वर्गणीची पेटी, गिऱ्हाइकाचे शिवायला आलेले कापड. ती अमानत आहे, तिला वारसाहक्क लागू होत नाही. प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी लावावी आणि शक्य असेल ती परत करून टाकावी.

दागिन्यांत सुनेला लग्नात घातलेले सोने तिला दिले होते की फक्त वापरायला, हा वाद घरोघरी आहे. सासूने स्वतःच एकदा सर्वांसमोर सांगून टाकावे. कारागिराची हत्यारे आणि साचे यांची बाजारात किंमत थोडी, पण ते हाताळणाऱ्याला त्यांचे मोल वेगळेच असते. कुठला साचा कुठल्या व्यापाऱ्याच्या कामाचा हे उस्तादालाच माहीत असते, ते त्यांच्याकडून लिहून घ्यावे.

अम्मीच्या डब्यात जुन्या नोटा सापडतील. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रद्द झालेल्या पाचशे आणि हजाराच्या नोटा आता नुसते कागद आहेत. दोन हजारांच्या नोटांचे तसे नाही. त्या मे २०२३ मध्ये चलनातून मागे घेतल्या गेल्या असल्या तरी रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर आणि नागपूर येथील कार्यालयांतून त्यांचा मोबदला मिळू शकतो.

वसियत, हिबा आणि जबरदस्ती

वर सांगितलेली वही म्हणजे वसियत नव्हे. ती केवळ माहिती आहे. वसियत करायची असेल तर ती वेगळी, दोन साक्षीदारांसमोर लिहावी. मुस्लिम वसियत तोंडीही चालते, पण तोंडी वसियत सिद्ध करताना काय हाल होतात ते वकिलांना विचारावे. मर्यादा एकतृतीयांशाची, आणि हनफी मसलकप्रमाणे वारसाच्या नावे वसियत इतर वारसांच्या संमतीशिवाय लागू होत नाही. इतर मसलकच्या वाचकांनी आपल्या आलिमांना विचारावे. वसियतीचा एक उपयोग आमच्या मते प्रत्येक आजोबाने ध्यानात घ्यावा. एखादा मुलगा आधीच वारला असेल आणि दुसरा मुलगा हयात असेल, तर वारलेल्या मुलाच्या लेकरांना आजोबांच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही. या यतीम नातवंडांसाठी एकतृतीयांशाच्या आत वसियत करता येते. ती आजोबांनीच करायची असते आणि तिची आठवण त्यांना कुणीतरी करून द्यावी लागते.

हिबा करायचा तर देणाऱ्याने स्पष्ट सांगणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे या तिन्ही गोष्टी हव्यात. कागद केला आणि भाडे मात्र आपणच घेत राहिलो, तर तो हिबा न्यायालयात अडचणीत येतो. लेखी हिब्याला नोंदणी अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले आहे. पण सरकारी कार्यालयांत नोंदलेला दस्तच सहज चालतो. शेवटच्या दुखण्यात केलेल्या हिब्याला वसियतीचेच निर्बंध लागतात, म्हणून इस्पितळाच्या खाटेवर सह्या घेण्यात अर्थ नाही.

आणि सह्या घेणाऱ्यांबद्दल थोडे. मदतीच्या नावाखाली म्हाताऱ्या आईबापाचा अंगठा उमटवून घेणारी मुले आपल्या समाजातही आहेत. वडीलधाऱ्यांनी न वाचलेल्या कागदावर सही करू नये, बँकेचा ओटीपी मुलालाही विचारल्यावर लगेच सांगू नये आणि राहते घर हयातीत कुणाच्या नावे करायचेच असेल, तर सांभाळ करण्याची अट दस्तात लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे अशी अट मोडली गेल्यास प्रांताधिकाऱ्यांसमोरील न्यायाधिकरणाकडून तो दस्त रद्द करून घेता येतो. वहीच्या प्रत्येक पानावर तारीख आणि बुजुर्गांची सही असावी, मूळ प्रत त्यांच्याच कपाटात राहावी आणि ती कुठे आहे हे घरातल्या निदान दोघांना ठाऊक असावे.